ब्लॅकबर्नचं धोतर, ब्लॅकपूलची वाळू

सप्टेंबर 1913 मधला एक शनिवार. दुपारचे बारा वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. इंग्लंडच्या उत्तरेला, लँकेशरमधल्या ब्लॅकबर्न गावी, एका कापड गिरणीच्या साळखात्याच्या, म्हणजे विणकामाच्या खात्याच्या, दारात तुम्ही उभे आहात आणि तुम्हाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. समोर हजारेक साचे, म्हणजे यंत्रमाग, चालू आहेत. त्यांचा आवाज कानांत शिरत नाही, थेट बरगड्यांत शिरतो. वर करवतदाती छप्पर, त्याच्या उत्तरेकडच्या काचांतून येणारा सपाट पांढरा उजेड, आणि हवेत मुद्दाम सोडलेली वाफ. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून ही सोय. सोय सुताची; माणसांनी दिवसभर दमट कपड्यांत काम करायचं आणि त्याच कपड्यांनी थंडीवाऱ्यात घरी जायचं.

तुम्ही इथे कोण म्हणून आलात ते आधी ठरवून टाकू. मुंबईहून मँचेस्टरच्या टेक्निकल स्कूलमध्ये कापडधंदा शिकायला आलेला विद्यार्थी, आणि सध्या प्रत्यक्ष काम बघायला या गिरणीत ठेवलेला. असे हिंदी विद्यार्थी त्या काळी मँचेस्टरला खरोखरच असत, त्यामुळे कुणी फारशा चौकशा करणार नाही. इथल्या पोरींनी तर तुमचं बारसंही करून टाकलंय: ‘बॉम्बे’. भाषेचं म्हणाल, तर कालप्रवासात तेवढी सूट घेऊ.

पहिल्या रांगेतली ती तांबड्या केसांची बघा. चार साचे तिच्या एकटीच्या ताब्यात आहेत. (मुंबईच्या गिरण्यांत याच सुमाराला विणकराकडे बहुधा दोन.) कांडी संपली की ती साचा थांबवते, धोटा उचलते, नवी कांडी घालते आणि धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत झटक्यात ओढून घेते. ‘धोट्याचा मुका’ म्हणतात याला इथे. नाव गोड, पण तोच धोटा मघाशी कुणा दुसरीच्या तोंडात होता, आणि या मुक्यापायी पुढचे दात गमावलेल्या बायका गावात गल्लोगल्ली आहेत.

ती आता तीन साचे पलीकडच्या मैत्रिणीशी बोलतेय. आवाज अजिबात नाही. ओठ, जबडा, भुवया, सगळं फुगवून, एकेक शब्द चेहऱ्यावर मांडत. या बोलण्याला ‘मी-मॉ’ म्हणतात. लँकेशरच्या विणकरणी त्यात एवढ्या तरबेज की खात्याच्या एका टोकाची चहाडी दुसऱ्या टोकाला पोचायला धोट्याच्या फेरीइतकाच वेळ लागतो. तुम्हाला मात्र एवढंच उमगतं: ‘टॉवर’, ‘धाकटी’, आणि मग तुमच्याकडे बोट दाखवून काहीतरी, ज्यावर दोघीही हसतात.

भोंगा होतो. साचे थांबतात. दगडी फरशीवर लाकडी तळाच्या क्लॉगांचा खडखडाट दाराकडे निघतो आणि तुम्ही त्याच्यासोबत रस्त्यावर ढकलले जाता.

शनिवारी बाराला गिरणी सुटते ती मालकाच्या मेहेरबानीने नव्हे. 1901 च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांचा शनिवार दुपारी बाराला संपवला. तरीही आठवड्याचे तास साडेपंचावन्न. मुंबईच्या गिरणी कामगाराला हक्काचा रविवार मिळाला तो 10 जून 1890 रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. आणि पुरुषांच्या कामाच्या दिवसाला बारा तासांची वेस घातली गेली ती थेट 1911 च्या कायद्याने. हिंदुस्थानातल्या या फॅक्टरी कायद्यांमागे मजुरांची कणव किती आणि मुंबईच्या गिरण्यांची लँकेशरच्या मालकांना वाटणारी धास्ती किती, यावर वाद घालता येतो. मला विचाराल तर धास्तीचं पारडं जड. दोन मालकांच्या भांडणात मजुराच्या पदरात कधीमधी काहीतरी पडतं, ते असं.

सव्वा वाजता स्टेशनवर भेटायचं ठरलंय. जाल तेव्हा या मंडळींना तुम्ही ओळखणार नाही. सकाळच्या शाली आणि क्लॉग घरी राहिले. आता पिसांच्या हॅट, इस्त्रीचे पांढरे ब्लाऊज, चकचकीत काळे बूट. समुद्रावर जाताना गिरणीची खूण अंगावर ठेवायची नाही, हा इथला अलिखित नियम आहे. तांबड्या केसांचीने धाकट्या बहिणीला हाताला धरून आणलंय. ही पोरगी बारा वर्षांची आणि ‘अर्धवेळची’ आहे: एका आठवड्यात सकाळी सहापासून गिरणी आणि दुपारी शाळा, पुढच्या आठवड्यात उलट. शाळेत ती बाकावर झोपते आणि मास्तर झोपू देतात, असं ती अभिमानाने सांगते. ही पद्धत मोडणारा कायदा 1918 साली होईल. तोवर ही सतराची होऊन चार साच्यांवर उभी असेल.

मैत्रीण रुंद चेहऱ्याची, बोलायला फटकळ. विणकर संघाची वर्गणी चुकवत नाही. 1892 पासून इथे विणाईच्या दरांचा एकच तक्ता आहे आणि त्यात बाईपुरुष भेद नाही. चार साच्यांवर आठवड्याला चोवीस-पंचवीस शिलिंग पडतात. रुपयाला एक शिलिंग चार पेन्स हा सरकारी भाव, तेव्हा झाले अठराएक रुपये. आणि छोट्या खर्चाचं गणित तर तुम्हाला करावंच लागणार नाही, कारण एक पेनी म्हणजे बरोबर एक आणा. ‘मजुरी सारखी, वर्गणी सारखी,’ ती म्हणते, ‘मत तेवढं त्यांना.’ ‘त्यांना’ म्हणताना तिचा अंगठा चौथ्या सोबत्याकडे जातो. हा उंच पोरगा टॅकलर होऊ घातलाय. टॅकलर म्हणजे बिघडलेले साचे दुरुस्त करणारा, आपल्याकडच्या साळखात्यातल्या जॉबरचा चुलतभाऊ. लँकेशरमध्ये टॅकलरच्या मूर्खपणाचे विनोद ही एक वेगळी साहित्यशाखाच आहे, आणि हा बिचारा दिवसभर ते ऐकणार आहे.

लँकेशर अँड यॉर्कशर रेल्वेची ही खास सहलगाडी. तिसऱ्या वर्गाचा डबा: समोरासमोर दोन बाकं, दोन्हीकडे दारं, मधून जायला वाट नाही आणि शौचालयही नाही. एकदा दार लागलं की तुमच्या डब्यातली माणसं हेच तुमचं जग. चामड्याचा पट्टा ओढून खिडकी खाली घेतली की धूर आत येतो. वर केली की टॅकलरच्या पाइपचा धूर आतच राहतो. बहुमताने खिडकी उघडी.

गाव संपायला वेळ लागतो. चिमण्या, घरांच्या एकसारख्या रांगा, पुन्हा चिमण्या. हॉटनजवळ गाडी दरीवरच्या उंच कमानींवरून जाते तेव्हा पहिल्यांदा झाडं दिसतात, आणि प्रेस्टनला शिरताना रिबल नदी. प्रेस्टन म्हणजे या बाजूच्या सगळ्या लायनींची गाठ. दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं आणि शेजारच्या फलाटावरची दुसऱ्या गावची गाडी आपल्याआधी सुटली तर त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचं.

प्रेस्टनपुढे मुलूख सपाट होतो. हे फाइल्डचं मैदान: कुरणं, गाई, मधूनच एखादी पवनचक्की. कर्कमनंतर गाडी 1903 साली टाकलेल्या सरळ मार्गाला लागते. वाटेत एकही स्टेशन नाही. ही लाइन टाकलीच मुळी समुद्राची घाई झालेल्या माणसांसाठी. आणि आता डब्यात एक जुना खेळ सुरू होतो. टॉवर पहिल्यांदा ज्याला दिसेल त्याला एक पेनी. धाकटी खिडकीतून अर्धी बाहेर, बहिणीने तिचा फ्रॉक मागून मुठीत धरलेला.

‘दिसला!’

कुणालाच काही दिसत नाही. मग करड्या आभाळात एक बारीक काळी रेघ दिसते. आयफेल टॉवर पाहून भारावलेल्या जॉन बिकरस्टाफ नावाच्या महापौराने हट्टाने उभा केलेला हा 518 फुटांचा लोखंडी मनोरा 1894 च्या मे महिन्यात उघडला. पॅरिसवाल्याच्या निम्म्याच उंचीचा. ब्लॅकबर्नच्या माणसाला हे सांगून बघा, तो विचारेल: पॅरिसवाल्याच्या पायात सर्कस आहे का?

ब्लॅकपूल सेंट्रलला चौदा फलाट आहेत. खेड्याच्या जत्रेत जसं चालायचं नसतं, नुसतं पाय उचलायचे असतात, तसं तुम्ही बाहेर पडता. टॉवर थेट डोक्यावर. खारा वारा, घोड्यांची लीद, तळलेला मासा, तंबाखू. आणि समोर समुद्र.

कोकण-मुंबईच्या माणसाला इथे एक गोष्ट लगेच घरची वाटेल. हा समुद्रही पश्चिमेलाच आहे, म्हणजे सूर्य पाण्यातच बुडणार. बाकी काही ओळखीचं नाही. नारळ नाही, खडक नाही, रंग मातकट, आणि वारा असा की फटकळ मैत्रीण दोन्ही हातांनी हॅट धरून तिसऱ्या हाताच्या शोधात. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक इथे पंचवीस फुटांच्या वर जातो. आत्ता ओहोटी आहे आणि पाणी एवढं लांब गेलंय की आयरिश समुद्र दुपारपुरता आयर्लंडलाच परत दिलाय की काय असं वाटतं. ओल्या वाळूवर गाढवं मुलांना पाठीवर घेऊन एका ठरावीक खुणेपर्यंत जातात आणि कुणी न सांगता वळतात.

तुम्ही बूट काढा. सगळेच काढताहेत. स्कर्ट गुडघ्यापर्यंत वर धरून दोघी पाण्यात शिरतात आणि किंचाळतात. पाणी खरंच गार आहे; तुमच्या पोटऱ्यांना ते पाणी वाटत नाही, चूक वाटते. धाकटी आत, टॅकलर काठावर पँट दुमडत. हा सगळा प्रकार पंधरा मिनिटांच्या वर चालत नाही. पोहायला इथे फारसं कुणी येतही नाही. समुद्रात पाय बुडवले याची खात्री करून घेतली की लँकेशरचा माणूस खाण्याकडे वळतो.

पाय पुसायला तांबड्या केसांची पिशवीतून टॉवेल काढते, आणि तुम्ही बघतच राहता. पांढरं, खळीने अजून कडक असलेलं सुती कापड, दोन्ही बाजूंना बोटभर लाल काठ. तो टॉवेल नाहीच. ते धोतर आहे.

अख्खं नव्हे, अडीचेक यार्डांचा तुकडा. विणताना दोष राहिला म्हणून कापून काढलेला, आणि गिरणीतून स्वस्तात विकत घेतलेला. ‘धूटी’, ती सांगते. तिच्या चारही साच्यांवर हेच आहे. तिच्या आईच्याही साच्यांवर हेच होतं. ब्लॅकबर्नच्या कितीतरी खात्यांत पिढ्यान्‌पिढ्या हेच विणलं जातं, आणि ते कुठे जातं हे सगळ्यांना माहीत आहे. 1913 हे लँकेशरच्या इतिहासातलं सर्वांत भरभराटीचं वर्ष. ब्रिटनमधून या साली जवळपास सात अब्ज यार्ड सुती कापड बाहेर जाईल आणि त्यातलं तीन अब्जांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात उतरेल. या वाळूवर बसलेल्या निम्म्या माणसांचं तिकीट, म्हणा ना, तुमच्या आजोबा-पणजोबांच्या कंबरेतून निघालंय.

इथे तुमच्या आत काहीतरी ताठ होईल, आणि व्हावंच. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर सरकारने 1896 पासून साडेतीन टक्के कर बसवलाय, तो याच जिल्ह्याच्या दबावाने. विलायती मालावर आयातकर आहे ना, मग देशी मालावरही तेवढाच बोजा हवा, नाहीतर ब्लॅकबर्नवर अन्याय होईल, हा युक्तिवाद. 1905 च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली तेव्हा त्या आगीत यांच्याच साच्यांवरची धोतरं असणार. तुम्ही हे बोलणार नव्हता. पण फटकळ मैत्रीणच विचारते, पायाच्या बोटांतली वाळू झाडत: ‘तुमच्याकडे आमचं कापड जाळतात म्हणे?’

‘जाळलं होतं. काही वर्षांपूर्वी.’

‘विकत घेतलेलं?’

‘हो.’

‘मग जाळोत. पैसे तर आले.’

टॅकलर हसतो. तांबड्या केसांची हसत नाही. ‘एकदा जाळतील,’ ती म्हणते, ‘पुन्हा घेणार नाहीत.’

तिला हे कुणी शिकवलं नाही. चार साचे सांभाळणारीला मागणी म्हणजे काय ते कळतं. अठरा वर्षांनी, 1931 च्या सप्टेंबरात, गांधीजी गोलमेज परिषदेतून सवड काढून ब्लॅकबर्नपासून चार-पाच मैलांवरच्या डार्वेनला येतील. तोवर मंदीने आणि बहिष्काराने इथल्या गिरण्या पटापट बंद पडत असतील. आणि तरीही 26 सप्टेंबरच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती गराडा घालून, हात उंचावून जल्लोष करताना दिसतात. ते छायाचित्र मी कितीदा तरी न्याहाळलंय आणि दर वेळी मला त्यातल्या पंच्यावर थांबायला होतं. त्या गर्दीतली कुठली बाई धोतराचं कापड बघून त्यातला दोष शोधत नसेल, हे मला खरं वाटत नाही.

पण आत्ता भूक लागलीय. एका पेनीचे चिप्स, दोन पेनींचा मासा, वर्तमानपत्रात. मग टॉवरखालच्या दुकानांची ती गजबजलेली पट्टी. पूर्वी हे सगळे विक्रेते, डोक्याचे उंचवटे चाचपून भविष्य सांगणारे, कुरुपं काढणारे, गोळ्या-मलमवाले, वाळूवरच बसत. 1897 मध्ये नगरपालिकेने त्यांना किनाऱ्यावरून हुसकलं, तर ते रस्ता ओलांडून समोरच्या घरांच्या अंगणांत घुसले आणि घरमालकांनी भाडं घेऊन जागा दिली. यालाच पुढे ‘गोल्डन माइल’ म्हणतील. अतिक्रमण हटवल्यावर काय होतं हे आपल्याला ब्लॅकपूलने शिकवायची गरज नाही. कालवं, शिंपल्या, वरून व्हिनेगर. तुम्ही मालवणचे असाल तर नुसतं व्हिनेगर बघून जीव हळहळेल. धाकटीला ‘रॉक’ हवं: साखरेची गुलाबी कांडी, कुठूनही मोडा, आत गावाचं नाव अक्षरांत दिसतं.

टॉवरमध्ये शिरायला सहा पेन्स. सहा आण्यांत मत्स्यालय, प्राणिसंग्रह आणि नाचघर. वर जायला आणि सर्कशीला वेगळे. सर्कस मनोऱ्याच्या चार पायांमध्ये आहे आणि खेळ संपताना रिंगणाची जमीन खाली जाऊन तिथे पाणी भरतं. धाकटी त्यासाठीच आलीय, बहीण तिला घेऊन जाते. तुम्ही बाकीच्यांबरोबर नाचघरात.

फ्रँक मॅचम या नाट्यगृहं बांधणाऱ्याने 1899 साली सजवलेली ही जागा. पायाखाली महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या तीस हजारांहून जास्त ठोकळ्यांची जमीन. वर सोनेरी सज्जे, झुंबरं, रंगवलेलं छत. राजवाड्यात गिरणी कामगाराला शिरकाव नाही, म्हणून कुणीतरी सहा पेन्सवाला राजवाडा बांधला. तो बेगडी आहे, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ती टीका पोट भरलेल्यांची वाटते. आठवडाभर वाफेत उभं राहिल्यावर मला बेगडीही चाललं असतं.

बायका बायकांबरोबर नाचताहेत, कुणाला त्यात काही वाटत नाही. वाद्यवृंद जोरात, शेकडो बूट त्या लाकडावर, बोलणं अशक्य. आणि इथे तुम्हाला पहिल्यांदा कळतं की गिरणीचा हुन्नर किती दूरवर चालतो. फटकळ मैत्रीण नाचता नाचता पार पलीकडच्या सज्ज्यातल्या कुणाशी तरी ओठांनी बोलतेय. ओळखीची आहे का? नाही. बर्नलीची कुणीतरी विणकरीण, आत्ताच भेट झाली, शंभर फुटांवरून. तिचा नवरा, तिच्या गिरणीतली वाफ, तिच्या हॅटची किंमत, सगळं कळलंय. तुमच्या शेजारचा हातमोजेवाला गृहस्थ काहीच ऐकू येत नाही म्हणून वैतागलाय. या हजार माणसांत अडचण होतेय ती त्याच्यासारख्यांचीच.

सव्वासहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे करायची इंग्रजी खोड 1916 ची. अजून ती लागलेली नाही. एरवी ब्लॅकपूलचा मोसम इथेच संपायचा. सप्टेंबरातल्या थंड, अंधाऱ्या संध्याकाळी समुद्रावर कोण थांबणार? पण हे गाव विजेच्या बाबतीत कायम चार पावलं पुढे. 1879 मध्येच इथे किनाऱ्यावर आठ आर्क दिवे लावून रात्रीचा दिवस केला होता आणि तो बघायला माणसांचा लोंढा आला. 1885 मध्ये ब्रिटनमधली रस्त्यावरची पहिली विजेची ट्राम इथे धावली. मुंबईला ती 1907 साली आली. गेल्या वर्षी मे महिन्यात राजकन्या लुईझ किनाऱ्याचा नवा रस्ता उघडायला आली तेव्हा सुमारे दहा हजार दिव्यांच्या माळा लावल्या. ती गेल्यावर दुकानदार नगरपालिकेकडे गेले: सप्टेंबरात पुन्हा लावा. लावले. यंदाही लावलेत.

उत्तरेकडे चालत जा. या बाजूचा धक्का 1863 चा, बड्या लोकांचा मानला जातो. नाचणारे-ओरडणारे मधल्या धक्क्यावर जातात. दिव्यांना मात्र तसली वर्गवारी नाही. अचानक लागतात, आणि सगळी गर्दी एका सुरात ‘आऽऽ’ करते. तुम्ही मुंबईत सगळं बघितलंय, म्हणून तुम्हाला ते बल्ब लहान आणि पिवळट वाटतील. तेव्हा दिव्यांकडे बघू नका, बघणाऱ्यांकडे बघा. यांच्या घरात गॅस आहे किंवा मेणबत्ती. टॅकलर मोजायला लागतो, हरतो, पुन्हा पहिल्यापासून मोजतो. ‘टॅकलरला दहाच्या पुढे बूट काढावे लागतात,’ फटकळ म्हणते. पुढे महायुद्धात हे दिवे विझतील ते 1925 मध्येच पुन्हा लागतील; तेव्हा ते बघायला यांच्यापैकी कोण असेल, हे विचारू नका, एवढंच मी तुम्हाला सांगून ठेवतो. तुम्ही फक्त चिप्स धरा.

परतीची गाडी अकराच्या पुढची. डब्यात गॅसचा दिवा, धाकटी बहिणीच्या मांडीवर आडवी, हॅट वर जाळीत. कर्कम येईपर्यंत कुणी बोलत नाही. मग तांबड्या केसांची पिशवीतून तो तुकडा काढते, वाळू झाडते आणि तुमच्यापुढे धरते.

‘बॉम्बे, खरं सांग. हे घालतात कसं? मी सात वर्षं विणतेय. गुंड्या नाहीत, शिवण नाही. टॅकलर म्हणतो डोक्याला बांधतात.’

आता हे शब्दांत सांगण्यासारखं नाही. तुम्ही टॅकलरला उभं करता. धोतराला हा तुकडा अपुरा, पण पंचा नेसायला भरपूर. पँटवरूनच कंबरेला गुंडाळता, पुढे गाठ मारता. गाडी वळणावर हलते, तो दाराला धडकतो, धाकटी उठून बसते. मग एक सोगा पायांतून मागे घेऊन वर ओढता.

‘हे काय करतोयस?’ टॅकलर घाबरतो.

‘कासोटा. गप्प उभा राहा.’

उरलेल्या टोकाच्या निऱ्या करून पुढे खोचता. लाल काठ पायांवरून सरळ उतरतो. बायका ओरडून ओरडून हसतात. फटकळ मैत्रिणीच्या डोळ्यांतून पाणी येतं. टॅकलर दोन पावलं चालून बघतो आणि म्हणतो की पाय छान मोकळे राहतात. तांबड्या केसांची एकटी खाली वाकून कापड तपासतेय, अगदी गिरणीतला कापड-तपासनीस तपासतो तशी. काठ बोटाने चाचपत मागे जाते. कासोट्यापाशी थांबते.

‘माझा दोष इथे होता. काठातले दोन धागे सुटले होते, टोकाला. त्याबद्दल तीन पेन्स कापले माझे. ते टोक कुठंय?’

‘आत खोचलंय.’

‘नेहमी आतच जातं?’

‘नेहमी.’

‘म्हणजे कुणाला दिसत नाही.’

‘नेसणाऱ्यालाही नाही.’

ती सरळ उभी राहते. आधी तीन पेन्स कापून घेतले, मग हाच तुकडा तिला विकला, त्याचे वेगळे घेतले. हा हिशेब ती मनात दोनदा करते, ओठ हलतात, आणि डब्यातल्या सगळ्यांना तो वाचता येतो.

‘सोमवारी सहाला,’ ती म्हणते, ‘मी त्या तपासनिसाच्या टेबलापाशी जाणार आहे. बॉम्बे, तू साक्षीला. आणि तू,’ टॅकलरकडे बोट, ‘तू असाच यायचं.’

‘पँटवरून?’

‘बिनपँटचा आलास तर तीन पेन्स परत देतीलच, वर माफीही मागतील.’